‘टॉपर चार तासच झोपतात’ म्हणे!

सेमिस्टर जवळ आली की हॉस्टेलच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो: ‘टॉपर चार तासच झोपतात. झोप ही नुसती सवय आहे. आदल्या रात्री वाचलेलं ताजं राहतं. पेंग आली तर कडक चहा मारा. उरलेली झोप रविवारी काढा. लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे!’ यंदा तो भाच्याने मला पाठवला, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आधी ते शेवटचं. त्या ओळीची सुरुवात ‘लवकर निजे’ अशी आहे. ती कुणीतरी सोयीने कापलीय.

‘टॉपर चार तासच झोपतात.’ आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी साडेदहाला दिवा मालवायची. तिला हसणारे आम्ही एटीकेटी, म्हणजे नापास होऊन राहिलेले विषय, मोजत होतो.

‘झोप ही सवय आहे.’ 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी माणसांना सलग 14 दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. चार आणि सहावाल्यांचं लक्ष दिवसेंदिवस ढासळत गेलं, शेवटी तर एक-दोन रात्री टक्क जागलेल्या माणसाइतकं. त्यांना स्वतःला मात्र आपण इतके ढेपाळलोय याचा पत्ताच नव्हता. ‘मला चार तास पुरतात’ असं छातीठोक सांगणाऱ्यांचं हेच होतं. सवय होते ती पेंगुळलेलं असण्याची.

‘आदल्या रात्रीचं ताजं राहतं.’ अर्धं खरं. 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली होती. पाठांतरानंतर ते झोपले तेव्हा त्यांच्या जास्त लक्षात राहिलं, जागे राहिले तेव्हा कमी. म्हणजे वाचून झोपलात तर ताजं! आम्ही एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, आदल्या रात्री झोपलोच नाही. पहाटे चारला रूममेटच्या झेरॉक्सवरची हायलायटरची पिवळी रेघ ओळ सोडून तिरकी घसरत थेट चटईवर गेली, तरी त्याचा हात चालूच. मी पेपरात लाप्लासचं गणित अख्खं सोडवलं आणि दुसऱ्याच ओळीत अधिकचं उणे केलं. पाठ सगळं होतं हो.

‘चहा मारा.’ दिवसभरात मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची वर्दी देतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, एवढंच. वर्दी थांबते, साठा वाढतच राहतो. शिवाय रात्री 11 ला घेतलेल्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफीन पहाटे चारलाही अंगात असतं. म्हणजे पुस्तक मिटल्यावरही डोळा लागत नाही.

‘रविवारी काढा.’ थोडी थकावट जाते, नाही असं नाही. पण दुपारी बारापर्यंत लोळलं की रात्री दोनपर्यंत छताचा पंखा मोजायचा आणि सोमवारी आठच्या प्रॅक्टिकलला जांभया.

भाच्याचा खरा प्रश्न वेगळाच होता: ‘मामा, दोन युनिट राहिलेत, मग काय करू?’ एकावर पाणी सोड. दुसरं रात्री अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं कर, फोन मित्राच्या खोलीत ठेव, सहाचा गजर लाव. आणि परीक्षेच्या धास्तीने आठवडाभर झोपच येत नसेल, तर 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची, सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.