घरी शिवलंय वाटतं?

टेलरने ब्लाउज बिघडवला की लोक टेलरला नावं ठेवतात. तोच तुम्ही घरी शिवला, आणि अगदी नीट बसला, तरी लोक तुम्हालाच चाचपून बघतात. गेल्या रविवारी एका साखरपुड्यात, जेवणाच्या रांगेत, हातात रिकामी प्लेट घेऊन मी हे अनुभवलं.

मागून कुणीतरी माझ्या बाहीच्या शिवणीत दोन बोटं घातली. वळून पाहिलं तर मुलाकडच्या कुणी काकू. ओळख ना पाळख.

"घरी शिवलंय वाटतं?"

"हो."

"कळतंय."

यापुढे "छान झालंय हं" असं काहीतरी येतं, म्हणून मी हसरा चेहरा करून थांबले. आलं नाही. काकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "हात वर कर बघू."

भर मंगल कार्यालयात, नेसूचं नेसून, मी हात वर का केला ते देव जाणे. आवाजच तसा होता. प्लेटसकट केला.

"बघ! काखेत किती घट्ट आहे. मुंढा अर्धा इंच खाली घ्यायचा होतास."

इथे माझं डोकं फिरलं. मुंढा म्हणजे बाही जोडायची काखेतली गोलाई. तो जितका खाली, तितकी बाही अंगाला खालून जोडली जाते, आणि हात उचलला की ती अख्खा ब्लाउज ओढून वर नेते. लोकलमध्ये वरची कडी धरून उभ्या राहणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने ब्लाउज खाली ओढणं चालूच असतं. हात मोकळा हवा तर मुंढा काखेच्या जवळ हवा. त्यातून माझा ब्लाउज खणाचा. खण जराही ताणत नाही, तिथे पाव इंचसुद्धा जाणवतो. हे सगळं मी काकूंना नम्रपणे सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं ब्लाउज घालतेय."

घालतेय! शिवतेय नव्हे. चाळीस वर्षं चहा पिणाऱ्याला मळ्यातली पानं कधी खुडायची ते विचारतं का कुणी? पण तोवर काकूंनी कुमक मागवली होती. "वन्सं, जरा इकडे या. हिने घरी शिवलंय." वन्सं आल्या. त्यांनी पाठीमागून पट्टी उलटून पाहिली.

"अस्तर आहे का?"

"आहे."

"आधी भिजवलं होतंस?"

"रात्रभर."

"टक्स?"

"चार."

"माया ठेवलीस आत, पुढे सैल करायला?"

"दोन्ही बाजूंना इंचभर."

वन्सं हिरमुसल्या. त्यांच्या मागचे गृहस्थ मात्र खुलले. "हल्ली रेडीमेड मस्त मिळतात," ते म्हणाले. गृहस्थांच्या शर्टाची पोटावरची दोन बटणं जीव मुठीत धरून होती आणि मधल्या फटीतून बनियन दिसत होतं. त्यांना कुणी हात वर करायला लावला नाही. कॉलरमध्ये कुणी बोटं घातली नाहीत. "मसालेभात संपत आलाय, पुढे सरका," एवढंच काय ते त्यांचं दुःख.

रेडीमेड म्हणे! ते ज्या बाईच्या मापाने शिवतात ती मला अजून भेटलेली नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने भारतीय अंगांची स्वतंत्र मापं ठरवायला 25,000 माणसं मोजायचा घाट घातला, तो काय उगाच? आपल्याकडे अजून परदेशी तक्त्यांवर दामटून चाललंय. आणि टेलरकडे जा म्हणावं, तर अस्तराच्या ब्लाउजची शिलाई कापडाच्या वर जाते, तारीख मिळते ती दिवाळीनंतरची, वर "ताई, तुमचीच तब्येत सुधारली" हेही ऐकून घ्यायचं. उरलेलं कापड तर परत येतच नाही.

म्हणून घरी. घरी खरी अडचण शिवण्याची नाहीच, माप घेण्याची आहे. स्वतःच्या खांद्याचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप धरायला हात उचलला की खांदाच जागा सोडतो. म्हणजे नवऱ्याला बोलवायचं. माझ्या छातीचं माप यांनी खिडकीत उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, "एक्क्याण्णव!" टेपची सेंटिमीटरची बाजू. समोरच्या बाल्कनीतले आजोबा वर्तमानपत्रातून वर बघायला लागले. 1956 साली कायदा करून देशात मेट्रिक वजनमापं आणली, तेव्हा कापडवाल्यांना कळवलं आणि शिंप्यांना सांगायचं राहिलं असावं. घ्यायचं मीटरवर, कापायचं इंचावर, आणि मधला हिशोब बायकांनी करायचा.

असो. काकूंनी तोवर बांगडीतली सेफ्टी पिन काढली होती. "थांब, मी करते नीट," म्हणत त्यांनी खांद्यावरचा कपडा चिमटीत धरला आणि आतून पिन मारली. माझ्या मापाच्या, माझ्या हातच्या, रात्री जागून टीप घातलेल्या खांद्याला! "आता बघ कसा बसला." बसला खरा, पण हात कोपराच्या वर जाईना. पंगत नव्हती, बुफे होता. वरच्या फळीवरची जिलबी मला वन्संनी वाढली, आणि वाढताना शेजारणीला सांगितलं, "मुंढ्यात अडकतंय तिला. घरी शिवलंय ना."

पिन घरी येऊन काढली. खणाला दोन भोकं पडलीत. नवरा म्हणतो, दिसत नाहीत. त्यांना एक्क्याण्णवही छत्तीससारखंच दिसलं होतं.

लग्न मार्गशीर्षात आहे आणि काकू मुलाच्या सख्ख्या मावशी निघाल्या. नवीन अस्तर भिजत घातलंय. मुंढा या वेळी आणखी पाव इंच वर घेणार आहे.