आमचा सडा, तेवीस नावं आणि एक फोन

गेल्या आठवड्यात दलालाचा फोन आला. रत्नागिरीकडे आमचा वडिलोपार्जित सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे, त्याला म्हणे 'पार्टी' आली आहे. सातबाऱ्यावर आम्ही तेवीस जण. निम्मे मुंबई-पुण्यात, दोघं तर आता हयातही नाहीत, नावं तेवढी लागून राहिलीत. दलाल म्हणाला, "साहेब, पडीकच ना ती? उगवतंय काय तिथं?"

हा प्रश्न त्याने मे महिन्यात विचारला असता तर मीही गप्प बसलो असतो. तेव्हा सडा म्हणजे नुसता तापलेला तवा. पण पावसाची पहिली सर पडली की कातळाच्या फटीफटीतून दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकणपट्टीबाहेर ही वनस्पती जवळपास नाहीच. मग गेंद, कवला आणि सीतेची आसवं. या आसवांचं नाव जेवढं हळवं, तेवढी ती वनस्पती हळवी नाही. बोटभर मातीत पोषण मिळत नाही, म्हणून पाण्यातले बारीक जीव पकडून खाते. आणि हाच सडा पाऊस पिऊन जांभ्यातून खाली सोडतो. आमच्या वाडीतला झरा त्याच पाण्याचा, त्यावरच पोफळी उभ्या आहेत.

दप्तरी मात्र या सगळ्याला एकच शब्द: पोटखराबा. पीक नाही, म्हणजे खराब. शब्दच असा असल्यावर सुरुंग लावून आंब्याची कलमं लावा, नाहीतर चिरेखाण काढा, कोणाला काही वाटत नाही. कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं तेव्हा सडे बातमीत आले, पण तेही माणसाने कोरलेल्या चित्रांमुळे. चित्रं नसलेल्या सड्याला कोण विचारतो?

आता माझं मत, जे इथल्या काही निसर्गप्रेमी मित्रांना आवडणार नाही. "विकू नका" असं पुण्यात बसून सांगणं फुकटचं आहे. माझा पगार दरमहा येतो म्हणून मला फुलं दिसतात. गावातल्या काकांना त्याच जमिनीत मुलीचं लग्न आणि गुडघ्याचं ऑपरेशन दिसतं. ते चुकीचं बघत नाहीत.

अमेरिकेत लँड ट्रस्ट नावाचा प्रकार आहे. जमीन मालकाचीच राहते, पण बांधकामाचा हक्क तो ट्रस्टला कायमचा देऊन किंवा विकून टाकतो, आणि ते बंधन पुढच्या मालकावरही राहतं. आपल्याकडे इतकी सरळ सोय नाही. पण अगदीच काही नाही असंही नाही. एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही पुण्याची संस्था संगमेश्वर तालुक्यात खासगी जंगलाच्या मालकांशी करार करते: ठरलेली वर्षं तोड करायची नाही, त्याबद्दल मोबदला घ्यायचा. शिवाय बेहड्याची फळं रीतसर गोळा करून विकायची. बेहडा उभा राहिला की त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची वीण होते, आणि मालकाच्या हातात चार पैसे येतात. मला हा हिशोब पटतो, कारण त्यात मालकाला खलनायक केलेलं नाही.

तुकडा लहान असला तरी चालतो, हेही लक्षात घ्या. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल गावाने देवाची म्हणून राखली होती, ती २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. क्षेत्र किती, तर २.५९ हेक्टर! आमचा सडा त्याहून मोठा आहे.

अडचण एवढीच की जंगलात बेहडा तरी असतो. सड्यावर विकायला काय आहे? सीतेची आसवं कोणी किलोने घेत नाही. म्हणून सड्याच्या मालकाला राखण्याचा वार्षिक मोबदला मिळायला हवा, आणि तो झऱ्याचं पाणी पिणाऱ्यांनी, म्हणजे ग्रामपंचायतीने नाहीतर सरकारने द्यायला हवा. रक्कम किती, हे भांडून ठरवू.

काल काकांना फोन केला. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "वर्षाला किती देतील ते आधी विचार, मग मी बाकीच्यांशी बोलतो."

दलालाला दिवाळीनंतर फोन करायला सांगितलंय.