मु. पो. वेडिंग

आमच्या शनिवार पेठेतल्या घरी पत्र यायला पत्ता लागत नाही. 'सहस्रबुद्धे, ओंकारेश्वराजवळ' एवढं खरडलं तरी पोस्टमनकाका ते आणून देतात, वर "बँकेचं आहे, उघडून बघा लगेच" असा सल्लाही देतात. आजोबा जाऊन चार वर्षं झाल्यावर त्यांच्या नावाने आलेलं एक पत्र काकांनी न बोलता आजीच्या हातात ठेवलं होतं आणि चहा घेऊन गेले होते.

या संस्कारांत वाढून मी शिकायला बर्लिनला आलो. खोली मिळाली वेडिंगला. वेडिंग हा बर्लिनचा एक जुना कामगारवस्तीचा भाग आहे, पण आईने फोनवर मावशीला "तो आता वेडिंगमध्ये असतो" असं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तीन नातेवाइकांनी मुलगी कुठली म्हणून विचारलं. चौथ्याने थेट "जर्मन का?" एवढंच.

खोली मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मी घरमालकीणबाईंना फ्लॅटचा नंबर विचारला, तर त्या माझ्याकडे मी त्यांचं वजन विचारल्यासारख्या बघत राहिल्या. नंबर नाहीच. इथे साधारणपणे इमारतीला नंबर असतो, फ्लॅटला नसतो. (इमारतींचे नंबरही जुन्या रस्त्यांवर एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळसा घालून समोरच्या बाजूने परत येतात, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.) मला ते फार काव्यमय वाटलं. नंबर नसलेलं घर! त्याचा अर्थ कळायला सहा आठवडे गेले.

तोवर मी सरकारदरबारी जर्मन होण्यात गुंतलो होतो. घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, असा इथला कायदा. त्यासाठी कचेरीत वेळ घ्यावी लागते, आणि ती वेळ मिळवणं म्हणजे दिवाळीत कोकणकन्येचं तिकीट काढण्यासारखं. पहाटे उठून संगणकासमोर बसायचं आणि बटण दाबत राहायचं. मला वेळ मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोपेनिकला. पासपोर्ट, अर्ज आणि 'हा माणूस खरंच माझ्याकडे राहतो' असं घरमालकीणबाईंच्या सहीचं पत्र घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी माझं आडनाव एकेक अक्षर टंकलं, मध्ये एकदा पाणी प्यायल्या, आणि शिक्का मारला. मी बाहेर येऊन त्या कागदाचा फोटो काढला. मुंजीतसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

आता सगळं पोस्टाने येणार होतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन सुरक्षेसाठी दुसऱ्या पाकिटात, आरोग्यविम्याचं कार्ड तिसऱ्यात आणि अकरा आकडी करक्रमांक चौथ्यात. विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात टाकावे लागतात, आणि त्यातले ९९२ दर महिन्याला इथल्या बँकेत सुटतात. म्हणजे बाबांनी कर्ज काढून दिलेले पैसे बर्लिनमध्येच होते, मीही बर्लिनमध्येच होतो, फक्त आमची भेट होत नव्हती. मी पाव आणि उकडलेली अंडी खात पाकिटांची वाट बघू लागलो.

आठवडा गेला. दोन गेले. बँकेत फोन केला, तर पाकीट पाठवलं होतं आणि ते परतही आलं होतं. कारण : 'या पत्त्यावर असा माणूस नाही.'

मी आरशात बघितलं. होतो.

शेवटी शेजारच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, "खाली पेटीवर तुझं नाव आहे ना?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फ्लॅटला नंबर नसेल तर पोस्टमनला कळणार कसं? तो पेट्यांवरची आडनावं बघतो. नाव असेल तर पत्र आत, नाहीतर पत्र परत. शिक्का कोपेनिकचा असो की कैलासाचा, पेटीवर नाव नाही म्हणजे मी नाही. हजार बुद्ध्यांचं आडनाव लावतो, पण त्यातली एकही सहा आठवड्यांत जिना उतरून पेटी बघायला गेली नव्हती.

पेट्यांचा फोटो मी घरी पाठवला. बाबांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि म्हणाले, "या वेर्बुंगांचं खटलं बरंच मोठं दिसतंय रे. दर दुसऱ्या पेटीवर आहेत. बिटं काय्ने वेर्बुंग." त्याचा अर्थ 'कृपया जाहिराती टाकू नयेत'. बाबांना ते सांगितलं, पण अजूनही ते मधूनच वेर्बुंगांची चौकशी करतात.

आता नाव लावायचं. घरमालकीणबाई म्हणाल्या, पाट्या इमारतीच्या व्यवस्थापनाकडून येतात, एकसारख्या, छापील. अर्ज करा, सहा आठवडे लागतील. मग मीच कागदाची पट्टी कापली. पाटीची जागा माझ्या अंगठ्याएवढी, त्यात घरमालकीणबाईंचं नाव आधीच बसलेलं, आणि माझं आडनाव रोमन लिपीत तेरा अक्षरांचं. पहिल्या प्रयत्नात 'सहस्र'वरच पट्टी संपली. दुसऱ्यात अक्षरं इतकी बारीक झाली की पोस्टमनला भिंग द्यावं लागलं असतं. वर्गातल्या जोशीचा इथे 'योशी' झाला होता, वझ्यांचा 'फात्से' आणि माझा 'झाहाझ्राबुड्डे', तरी त्या दोघांचा मला हेवा वाटला. चार-पाच अक्षरांत माणसं सुटली होती! तिसरी पट्टी दोन ओळींत लिहिली, चिकटपट्टीने लावली आणि मागे सरकून देवाला बघावं तसं बघितलं.

तीनच दिवसांत पहिलं पत्र आलं. रुंडफुंकबायट्राग! म्हणजे रेडिओ-टीव्हीची वर्गणी, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. माझ्याकडे टीव्ही सोडा, खुर्चीसुद्धा नव्हती.

त्यानंतर पेटीत एक चिठ्ठी. 'तुमचं पार्सल शेजारी श्मिट यांच्याकडे आहे.' आईने भाजणी पाठवली होती! इमारतीत श्मिट दोन. पुढच्या इमारतीतल्या श्मिटांनी दार उघडून मान हलवली आणि लावून घेतलं. दुसरे मागच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. जिन्यातला दिवा इथे आपोआप विजतो. तो तिसऱ्या मजल्यावर विजला आणि मी कुणाच्या तरी सायकलीला कवटाळून वर पोचलो. दारात एक आजीबाई. खोका कस्टमने उघडून परत चिकटवलेला, आणि जिनाभर धण्याजिऱ्याचा वास.

"यात आहे काय?" आजींनी विचारलं. माझी जर्मन तेव्हा फळं, रंग आणि पीठ एवढीच. पिठाला इथे 'मेल' म्हणतात. मी म्हणालो, "मेल." दीड महिना मी मेलचीच वाट बघत होतो, आलंही मेलच.

आजींनी खोक्यावर बोट ठेवलं. आईने छापील पत्ता सोडून खाली स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं : लिओपोल्डप्लात्झ स्टेशनजवळ, अंगणातून मागची इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार, घरी नसल्यास शेजारी द्यावे. "असा पत्ता लिहावा," आजी म्हणाल्या. "तुमच्या आईला विचारा, माझ्या बहिणीला शिकवतील का."

मी खाली गेलो आणि माझ्या पट्टीखाली दुसरी पट्टी जोडली : दुसरा मजला, डावीकडे.

कार्ड आलं, पिन आला, करक्रमांक आला. आणि परवा व्यवस्थापनाचं एक टंकलेलं पत्र आलं : पेट्यांवर कागदाच्या पट्ट्या लावायला मनाई आहे, तुमची पट्टी चौदा दिवसांत काढावी. 'श्री. सहस्रबुद्धे' यांना. तेराच्या तेरा अक्षरं बरोबर, आणि पाकीट थेट माझ्या पेटीत.