मशेरी, पुडी आणि मोबाइलवरचा खेळ: एका फिरत्या मेसेजला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. तंबाखूचे तोटे शिकवायला मुलांच्या हातात मोबाइल गेम देणं म्हणजे एक व्यसन टाळायला दुसरं लावणं, असं त्यात म्हटलंय. पडद्यावर तंबाखू दिसली की मुलांचं कुतूहल उलट वाढतं, पोस्टर आणि शपथ पुरेशी आहे, कोकणात रेंज नाही, आणि आमच्या आज्यांनी जन्मभर मशेरी लावली तरी त्यांना काही झालं नाही, असे बाकीचे मुद्दे. लिहिणाऱ्याला मुलांची काळजी आहे हे दिसतं. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

मोबाइलच्या व्यसनाची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली आहे. पण ती नोंद आहे ती खेळावरचा ताबाच सुटतो, अभ्यास, झोप, माणसं सगळं मागे पडतं आणि हे साधारण वर्षभर चालतं, अशा अवस्थेची. वर्गात बाईंच्या देखत अर्धा तास खेळून संपणारा खेळ त्यात बसत नाही. त्या खेळात जाहिराती नकोत, रोज परत ओढणारी बक्षिसं नकोत, आणि त्याला शेवट हवा. एवढी अट पालकांनी जरूर घालावी.

कुतूहलाच्या मुद्द्यात तथ्य आहे. सिनेमातलं धूम्रपान पाहून मुलं सिगारेटकडे वळतात, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2012 च्या अहवालात आहे. पण सिनेमात सिगारेट ओढणारा असतो नायक, आणि बघणारं मूल काहीच करत नसतं. चांगल्या खेळात निर्णय मुलाला घ्यावा लागतो. येल विद्यापीठात तयार झालेल्या ‘स्मोकस्क्रीन’ खेळात मित्र आग्रह करतात, खेळणाऱ्याने उत्तर निवडायचं असतं, आणि त्या उत्तराप्रमाणे गोष्ट पुढे वळते.

हा खेळ जसाच्या तसा आपल्याकडे आणून मात्र फार उपयोग नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपल्या मुलासमोर सिगारेट पुढे करणारा मित्र क्वचितच येतो. त्याच्यासमोर येतात ते ओटीवर बसलेले आजोबा: “जा रे झिला, दुकानातसून तंबाखूची पुडी घेवन ये.” इथे नाही कसं म्हणायचं? आजोबांचा मान तर राखायचा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे “आजोबा, दुकानदाराने मला देता कामा नये” हे उत्तर खरंही आहे आणि उद्धटही नाही. पण ते तोंडातून यायला सराव लागतो. व्याख्यानात मूल फक्त ऐकतं. खेळात ते चुकतं, पुन्हा प्रयत्न करतं, दुसरं उत्तर देऊन बघतं, आणि कोणी रागावत नाही. माझा सगळा भर या सरावावर आहे.

पोस्टर आणि शपथ पुरेशी, म्हणे. जागतिक तंबाखूविरोधी दिन असतो 31 मे रोजी. तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, आणि चाकरमान्यांची पोरं आंब्या-फणसात रमलेली असतात. पाकिटावर 85 टक्के जागेत भयंकर चित्र छापतात हे खरं, पण तव्यावर भाजून, कुटून डबीत भरलेल्या मशेरीवर कुठलं चित्र असतं? सुट्ट्या विडीवर कुठलं?

रेंजचा मुद्दा लहान आहे. खेळ एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालवता येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा आपल्याकडे कितीतरी आहेत, तिथे एका टॅबभोवती अख्खा वर्ग बसतो. मुलं मिळून उत्तर ठरवतात, ते तर अधिकच चांगलं.

राहिली आजी. जी आजी ऐंशी वर्षं जगली ती आपल्याला दिसते. तोंडाच्या कर्करोगाने आधीच गेलेली तिची शेजारीण कोणाच्या मेसेजमध्ये येत नाही. आणि नुकसान फक्त आजीचं नसतं. मुंबईतल्या गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यात मशेरीच सर्वाधिक होती. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. सुपारीही निर्धोक नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर घरं चालतात, हे बागायतदारांच्या शेजारी राहून मला ठाऊक आहे. तरीही नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. ती चघळून तोंड आखडत जातं, तीन बोटं उभी आत जाईनाशी होतात. मुलांच्या खेळातून हे वगळलं तर खेळ अर्धवट राहील.

एक खेळ खेळून मूल जन्मभर तंबाखूपासून लांब राहील, असा दावा कोणी केला तर त्यालाही मी विरोध करेन. खेळाने वागणं बदलल्याचा पुरावा मात्र आहे. कर्करोगाच्या तरुण रुग्णांसाठी बनवलेल्या ‘री-मिशन’ खेळाची 34 रुग्णालयांत 375 जणांवर चाचणी झाली. 2008 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले: हा खेळ मिळालेल्यांनी औषधं अधिक नियमित घेतली. तो विषय औषधांचा होता, तंबाखूचा नाही, हे सांगितलंच पाहिजे. म्हणून आपल्या शाळांतही खेळाआधी, खेळानंतर आणि सहा महिन्यांनी मुलांना तेच प्रश्न विचारून पाहावेत.

आणि खेळाने आजीला खलनायिका करू नये. मशेरी लावणारी बाई वाईट नसते, ती सवयीत अडकलेली असते. मुलाने घरी जाऊन तिला टोचून बोलावं, हे मला मुळीच नको. त्यापेक्षा खेळाच्या शेवटच्या पडद्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत क्रमांक, 1800-11-2356, मोठ्या अक्षरांत द्यावा. आजीला सोडावंसं वाटेल त्या दिवशी नातवाने तो तिला लावून द्यावा.