गवत, चुना आणि रीवोचा मठ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या रीवो या पडक्या ख्रिस्ती मठावरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. भिंतींच्या माथ्यावर गवत म्हणजे हेळसांड. दुरुस्तीत सिमेंट सोडून चुन्याचा हट्ट म्हणजे जुन्याचं वेड, रीवोतच तर काँक्रीट आहे. आणि एवढा खर्च करतातच, तर छप्पर का घालत नाहीत?

गवताचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या अशा अवशेषांवर ते बऱ्याचदा मुद्दाम लावलेलं असतं. या भिंती दोन्ही बाजूंनी घडीव दगड आणि मध्ये चुन्यात बसवलेलं डबर अशा आहेत. छप्पर गेलं की पाऊस थेट माथ्यावर पडतो, आत मुरतो, डबरातला चुना धुऊन नेतो आणि भिंत आतून पोकळ होते. थंडीत तेच पाणी गोठून दगड सुटतात. म्हणून माथ्यावरचे सुटे दगड बसवून चुन्याने उतार काढायचा आणि वर साधारण ७५ ते १०० मिलिमीटर माती घालून हिरवळीचे तुकडे अंथरायचे. माती पाणी धरून ठेवते, गोठण्या-वितळण्याचा मारा कमी होतो. हेळसांड म्हणायची तर ॲश किंवा सिकमोरची रोपं राहू देण्याला म्हणा. त्यांची मुळं सांधे फाडतात.

सिमेंट जास्त मजबूत असतं हे खरं, आणि घोटाळा तिथेच आहे. सांधा दगडापेक्षा कठीण आणि बंद झाला की ओल दगडातून बाहेर पडू बघते आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. सांधा झिजावा, दगड नव्हे. जुना मसाला छिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. मग धूळ धुवायची, सांधा ओला करायचा. हायड्रॉलिक (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा) चुना एक भाग, जाड वाळू अडीच ते तीन भाग. दाबून भरायचा, अंगठा रुतेनासा झाला की ताठ ब्रशने ठोकायचा, वर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. घाईने वाळलेला चुना हाताने चोळला तरी भुगा होतो.

मात्र रीवोतच काँक्रीट आहे, हा तुमचा टोला बरोबर. १९१७ मध्ये मठ सरकारच्या देखभालीखाली आल्यावर सरकारी बांधकाम खात्याचे वास्तुविशारद फ्रँक बेन्स यांनी उंच भिंतींत सळईच्या काँक्रीटच्या तुळया लपवल्या. त्यामुळे भिंती उभ्या राहिल्या. पण सळई गंजली की फुगते आणि भोवतालचा दगड फोडते, त्यामुळे आज तेच काम पुन्हा तसं करायला मी सुचवणार नाही.

छपराबद्दल : चर्चचा पूर्वेकडचा भाग बऱ्यापैकी उंच उभा आहे, पण पश्चिमेकडच्या लांब दालनाच्या भिंती बुंध्यापुरत्याच उरल्यात. वर जे बांधू ते आपल्या मनाचं असेल. मूळ छपराचं शिसं तर १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाल्यावर उतरवून राजासाठी वितळवलं गेलं. त्यातल्या काही लगडी कोसळलेल्या दगडांखाली राहिल्या, त्या १९२० च्या दशकात सापडल्या आणि यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ खिडकीच्या काचा जोडायला वापरल्या.