मानेवरचा तो काळेपणा मळ नव्हे

अंगाने भरलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मानेवर जाडसर, मखमली काळा पट्टा दिसू लागला की आपल्याकडे आधी बेसन-हळदीचे उटणे निघते आणि ‘नीट अंघोळ करत नाहीस’ म्हणून त्याला बोलणीही बसतात. तो पट्टा बहुतेक वेळा रक्तात वाढलेल्या इन्सुलिनमुळे येतो. घासून जात नाही. त्याची साखर, यकृत आणि रक्तदाब तपासायचे सोडून आपण त्याची मान सोलत बसतो, याचे मला फार वाईट वाटते.

चरबी म्हणजे शरीराची निव्वळ साठवण, ही समजूत कधीच मागे पडली आहे. लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होते, हे १९९३ मध्ये दिसून आले आणि २००३ मध्ये त्या चरबीत प्रतिकारसंस्थेच्या भक्षक पेशी गोळा झालेल्या आढळल्या. हा दाह ठणकत नाही, त्याने ताप येत नाही. तो वर्षानुवर्षे मंदपणे चालू राहतो, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो (म्हणून शरीर ते जास्त बनवते आणि रक्तात ते वाढते) आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. त्याची खूण असलेले सीआरपी हे रक्तातले प्रथिन लठ्ठ मुलांच्या रक्तात शाळकरी वयातच वाढलेले सापडते. त्यामुळे ‘वयात आला की आपोआप उतरेल’ हा वडीलधाऱ्यांचा दिलासा मला पटत नाही.

‘आमचा तर बारीकच आहे’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरेच कमी भरले. पण ही तूट मुख्यतः स्नायूंत होती, चरबी त्या मानाने टिकून होती. अशा मुलांच्या बाबतीत नुसता वजनकाटा पुरेसा नाही. (सुदृढ बालक स्पर्धांच्या परीक्षकांनीही हे मनावर घ्यावे.)

सगळा दोष आईच्या डब्यावर ढकलणे मात्र अन्यायाचे आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, ते बरेच झाले. पण ज्या शाळेत मैदानावर गाड्या उभ्या राहतात आणि खेळाचा तास गणिताला जातो, तिथे फलक वाचून मूल करणार काय? शाळेच्या आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबर कमरेचा घेरही मोजावा, तो उंचीच्या निम्म्याहून अधिक असल्यास पालकांना कळवावे, आणि ही मोजणी वर्गासमोर न करता पडद्याआड करावी, एवढे तरी पालकसभेत मागता येईल.