अडला खण

सर्जनशील पद्धतीने समस्या कशा सोडवाव्यात, याचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. रीतसर, दोन दिवसांचं. शेवटी प्रमाणपत्रही मिळालं, तेही फ्रेम करून. फ्रेम टेबलावर उभी राहावी म्हणून तिच्या पाठीला एक टेकू होता. पण घरी आल्यावर ती टेबलावर उभी राहू शकली नाही, कारण टेबलावर आधीच बरंच काही उभं होतं. म्हणून मी ती तीन खणी कपाटाच्या मधल्या खणात घातली, वर प्रशिक्षणातली टिपणांची वही कोंबली आणि खण कमरेने लोटून बंद केला.

वर्षभर सगळं सुरळीत होतं. मग ऑफिसातून निरोप आला, की प्रशिक्षण घेतलेल्यांनी प्रमाणपत्राची प्रत उद्यापर्यंत जमा करावी. मी खण ओढला. खण दोन बोटं पुढे आला आणि थांबला.

खण अडला की माणूस आधी ओढतो. मग जोरात ओढतो. मग एक पाय कपाटाला लावून ओढतो, आणि मग कपाटच पुढे येतं. एडवर्ड डी बोनो नावाचे गृहस्थ हेच सांगून गेले: दुसरीकडे खड्डा हवा असेल तर आहे तोच खड्डा खोल करत बसून उपयोग नाही. चाकोरीबाहेर, आडवाटेने विचार करण्याच्या पद्धतीला त्यांनी १९६७ साली नाव दिलं आणि पुढे जन्मभर तेच शिकवलं. मला हे वाक्य तोंडपाठ आहे. खण सहाव्यांदा ओढताना मी ते मनातल्या मनात म्हणतही होतो.

"काय चाललंय?" बायको दारात येऊन म्हणाली.

"खण उघडतोय."

"तुला खण उघडायचाय, की प्रमाणपत्र हवंय?"

"एकच झालं ना!"

"बरं," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

मी पक्कड आणली. पक्कड हातात घेतल्यावर मला नॉर्मन मायर यांचा प्रयोग आठवला आणि तो बायकोला सांगितल्यावाचून राहवेना. १९३१ सालची गोष्ट. मायर या मानसशास्त्रज्ञाने एका खोलीत छताला दोन दोऱ्या टांगल्या. दोन्हींची टोकं एकत्र बांधायची. पण अंतर असं, की एक दोरी धरून उभं राहिलं की दुसरीला हात पोचत नाही. खोलीत इतर सामानाबरोबर एक पक्कड पडलेली. उत्तर असं, की पक्कड एका दोरीच्या टोकाला बांधायची आणि झोका द्यायचा. दुसरी दोरी धरून उभं राहायचं आणि झोका जवळ आला की पकडायचा. पण लोकांना पक्कड म्हणजे खिळे उपटायचं अवजार एवढंच दिसत होतं. ते लंबकाचं वजनही होऊ शकतं, हे सुचत नव्हतं.

"मग सुचलं कसं त्यांना?" तिने विचारलं.

ते मला आठवेना. "वहीत लिहिलंय," मी म्हणालो. "वही खणात आहे."

पक्कड खणाच्या दांडीला लावून मी ओढली. दांडी हातात आली.

आता मी शास्त्रशुद्ध मार्गाला लागलो. पहिली पद्धत सामूहिक विचारमंथनाची. अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरातवाल्याने ती रूढ केली. नियम चारच. कुणाच्या कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. जितक्या जास्त तितक्या बऱ्या. आणि एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याने मजला चढवायचा. नेमका मेहुणा आलेला होता. मी त्याला, मुलीला आणि बायकोला कपाटासमोर बसवलं आणि नियम वाचून दाखवले.

"भावोजी, मागची फळी करवतीने कापू," मेहुणा म्हणाला.

"बाबा, मोठ्ठं लोहचुंबक," मुलगी म्हणाली.

"सुतार," बायको म्हणाली.

"सुतार ही कल्पना नाही," मी म्हणालो, "तो पराभव आहे."

"टीका करायची नाही ना?" मुलगी म्हणाली. इथे माझ्या लक्षात आलं, की ऑस्बर्नचे नियम जाहिरात कंपनीसाठी केलेले आहेत, जिथे लोक संध्याकाळी आपापल्या घरी जातात. टीका वजा केली तर घरात संभाषण म्हणून फारसं काही उरत नाही. दहा मिनिटांत चर्चा माझ्या सामान ठेवण्याच्या पद्धतीवर आली. त्या विषयावर मात्र कल्पना भरपूर निघाल्या, अचाट निघाल्या, आणि एकावर दुसऱ्याने मजले चढवले.

याचंही उत्तर विज्ञानाकडे आहे. १९५८ साली येल विद्यापीठात असं दिसलं, की चार जण एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना चार जणांना वेगवेगळं बसवून, नंतर एकत्र करून मिळतात. घोळक्यात एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, काहींना हसं होण्याची भीती वाटते आणि काही जण 'बाकीचे आहेत की' म्हणून डोकं सैल सोडतात. म्हणून मी प्रत्येकाला कागद देऊन वेगळ्या खोलीत पाठवलं. मुलगी परत आलीच नाही. मेहुण्याच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. बायकोने कागद आणून दिला. त्यावर एकच शब्द होता: सुतार.

पुढची पद्धत पुन्हा डी बोनो यांची, १९८५ सालची, सहा टोप्यांची. पांढरी टोपी घातली की फक्त माहिती बोलायची, लाल घातली की भावना, काळी घातली की धोके, पिवळी घातली की फायदे, हिरवी घातली की नव्या कल्पना, आणि निळी टोपीवाल्याने बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. गंमत अशी, की सगळ्यांनी एका वेळी एकाच रंगाची टोपी घालायची असते. वाद मिटतो तो त्यामुळेच. आमच्याकडे मी निळी घालून बसलो आणि बाकी सर्वांनी जन्मतःच काळी घातलेली होती. ती काही केल्या उतरेना.

मग मी उलटा प्रश्न विचारून पाहिला. ही पद्धत मला मनापासून आवडते. समस्या कशी सुटेल हे सुचत नसेल, तर ती आणखी बिघडवायची कशी ते लिहून काढायचं आणि मग प्रत्येक मुद्दा फिरवायचा. सुधारण्यापेक्षा बिघडवण्यात आपलं डोकं जास्त चालतं, हे त्यामागचं गृहीतक; आणि ते किती खरं आहे याचा मला लगेच प्रत्यय आला. 'खण पुन्हा कधीच उघडू नये यासाठी काय करावं?' असं कागदावर लिहिलं मात्र, पेन थांबेना. खण गळ्यापर्यंत भरावा. उभ्या राहणाऱ्या वस्तू आत आडव्या घालाव्यात, म्हणजे संधी मिळताच त्या उभ्या राहतील. वर जाड वही कोंबावी. बंद होत नसेल तर कमरेने लोटावा. अडल्यावर हिसके द्यावेत, म्हणजे आतलं सामान आणखी घट्ट बसेल. शेवटी दांडी उपटून ठेवावी. यादी वाचून पाहिली. त्यातला एकही मुद्दा करायचा राहिला नव्हता.

पण या यादीने एक काम केलं. खण का अडलाय हे कळलं. खण स्वतः अडलेलाच नव्हता. आत फ्रेमचा टेकू उभा राहून वरच्या आडव्या पट्टीला भिडत होता. मी इतका वेळ खणाच्या कडांना मेणबत्ती घासत होतो, ते सगळं मेण वाया गेलं. मेणबत्तीवरून कार्ल डुंकर यांचा प्रयोग सांगण्याचा मला मोह झाला होता. तो थोडक्यात असा: मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांचं खोकं द्यायचं, आणि मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगायचं. खोकं रिकामं करून तेच टाचणीने भिंतीला टोचलं की झाली फळी. टाचण्या आधीच बाहेर काढून खोकं रिकामं दिलं तर हे जास्त जणांना सुचतं. भरलेलं खोकं असलं की ते फक्त टाचण्या ठेवायचं खोकं वाटत राहतं. पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मी तो मेणबत्तीलाच सांगितला.

टेकू खाली दाबायचा कसा? दोन बोटांच्या फटीतून मी फूटपट्टी घातली. ती आत गेली आणि आतच राहिली.

तेव्हा मी शब्दकोश काढला. ही पद्धत ऐकायला खुळचट वाटते, पण तिच्यामागे तर्क आहे. आपलं डोकं ओळखीच्या वाटांनीच धावतं. मध्येच एक असंबद्ध शब्द टाकला, की त्या शब्दापासून समस्येपर्यंत यायला त्याला नवी वाट पाडावी लागते. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, आणि जो शब्द येईल तो बदलायचा नाही. माझं बोट 'कासव' या शब्दावर पडलं.

कासव. पाठ टणक. मान आत घेतं. सावकाश चालतं. उलटं केलं तर पाय हलवत पडून राहतं. उलटं! मी मेहुण्याला उठवलं आणि आम्ही दोघांनी कपाट मागच्या बाजूला कलतं केलं, म्हणजे टेकू आपल्या वजनाने पडेल. आत खडखड असा मोठा आवाज झाला. कपाट सरळ केलं. आता खण एकच बोट पुढे येत होता.

मेहुणा त्यानंतर निघून गेला. त्याला काहीतरी काम आठवलं.

रात्र झाली होती. मी पलंगावर आडवा झालो. हा आळस नव्हे. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, उबवणं, चमक आणि पडताळणी. दुसऱ्या पायरीवर समस्येकडे जाणूनबुजून पाठ फिरवायची आणि अंड्यावरच्या कोंबडीसारखं गप्प राहायचं. प्वाँकारे या थोर गणितज्ञाला एक अवघड उत्तर सहलीला निघताना बसच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता सुचलं, तेव्हा त्याच्या डोक्यात गणित नव्हतंच. मात्र तयारीत आधी घाम गाळलेला असावा लागतो, ही अट लोक विसरतात. मी गाळला होता. मी बायकोला म्हणालो, "मी उबवतोय." तिने दिवा मालवला.

पहाटे खुडबुडीने जाग आली. बायको कपाटापाशी होती. तिने सगळ्यात वरचा खण पुरता बाहेर काढून पलंगावर, माझ्या पायांशी ठेवला होता आणि फडक्याने पुसत होती.

"या वेळी?" मी विचारलं.

"धूळ फार झाली होती."

मी कूस बदलली. कपाटाला वरच्या बाजूला मोठी चौकोनी पोकळी पडली होती, पुढचा दात पडल्यासारखी. मी तिच्याकडे अर्धवट झोपेत बघत पडलो. आणि मग वीज चमकावी तसं ते आलं! मी उठून बसलो. धावत कपाटाशी गेलो, पोकळीतून कोपरापर्यंत हात खाली घातला. बोटांना टेकू लागला. तो आडवा पाडला, फूटपट्टी काढली, वही काढली, फ्रेम तिरकी करून वरूनच बाहेर ओढली. मधला खण बंद तो बंदच. त्याला मी हातही लावला नव्हता.

"सुचलं!" मी ओरडलो.

"हो का? कसं सुचलं?"

मी पलंगावर बसून समजावून सांगितलं. रात्रभर ते आत उबत होतं. आपण सगळे उपायात भर घालत राहतो. मी मेण घातलं, फूटपट्टी घातली, मेहुणा घातला. काढून काय टाकता येईल हे आपल्याला लवकर सुचत नाही; २०२१ साली यावर मोठा अभ्यासही प्रसिद्ध झालाय. पण खरी किल्ली होती कासवात. झोपेत मला ते स्पष्ट दिसत होतं. त्याची मान ओढून काय उपयोग? वरचं कवच उचललं की झालं. कवच म्हणजे वरचा खण. कल्पना अशी पूर्ण रूपातच आली.

"कासव," बायको म्हणाली.

"कासव," मी म्हणालो.

मग निवांतपणे वही उघडली. मायरचा प्रयोग शेवटच्या पानावर होता, दोऱ्या, पक्कड, सगळं. खाली माझ्याच अक्षरात उरलेला भाग लिहिला होता. बऱ्याच वेळाने उत्तर सुचलं नाही, की मायर खिडकीकडे जाता जाता सहज एका दोरीला धक्का लावायचे. दोरी जराशी झुलायची. त्यानंतर पुष्कळांना मिनिटाच्या आत उत्तर सुचायचं. मात्र, कसं सुचलं असं विचारल्यावर त्यातल्या बहुतेकांना तो धक्का आठवतही नव्हता. एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने तर सांगितलं, की त्याच्या डोळ्यांसमोर झाडांवरून झोके घेणारी माकडं आली आणि कल्पना पूर्ण रूपातच सुचली.

मी वही मिटली. बायको पुसलेला खण परत बसवत होती.

"काय लिहिलंय रे?" तिने मागे न बघता विचारलं.

"विशेष काही नाही. माकडांबद्दल आहे."

"अच्छा," ती म्हणाली. "मला वाटलं कासवाबद्दल असेल."